पीपीएफवाला जावई

आमच्या घरात माणसं तीन आणि आद्याक्षरं ढीगभर. बाबा आयुष्यभर सरकारी हिशेब खात्यात होते. ते रिटायर झाले, पण खातं काही त्यांच्यातून रिटायर झालं नाही. डीए वाढला की आमच्याकडे अजून श्रीखंड येतं. टीडीएस कापला गेला की बाबांना दोन दिवस आमटी अळणी लागते. आणि पीपीएफ हा शब्द ते ज्या मायेने उच्चारतात, त्या मायेने त्यांनी आईला हाक मारलेली मी तरी ऐकलेली नाही. आई म्हणते, तिनेही नाही ऐकलेली.

आणि अशा घरात राहून मला लग्न करायचं होतं ते अशा माणसाशी, ज्याच्या लेखी डीए म्हणजे गाडी पॉलिश करायचं मशीन, टीडीएस म्हणजे पाण्यातला क्षार आणि पीपीएफ म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म. कसं जमायचं, तुम्हीच सांगा.

बरं, सुरुवात मी केलेली नाही. बाबांनीच केलेली. मी ठाण्याला एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहे. तिशी उलटली तसं बाबांनी लग्नाच्या ॲपवर माझं प्रोफाइल काढलं आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. अट एकच. मुलगा सरकारी हवा, नाहीतर निमसरकारी, गेला बाजार बँक. मुलं मला बघायला यायची, पण बघायचे त्यांना बाबा. पगाराची स्लिप, पेन्शन जुनी की नवी, क्वार्टर मिळतं का, बदली कुठे कुठे होऊ शकते. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येईपर्यंत समोरच्या मुलाचं ऑडिट होऊन गेलेलं असायचं. एकजण तर मी यायच्या आतच उठून निघून गेला. त्याला वाटलं, इंटरव्ह्यू संपला.

अशात एक दिवस ॲपवर एक बायोडेटा आला. राहणार टिटवाळा. व्यवसायापुढे लिहिलेलं, सीनियर स्पेशालिस्ट, पीपीएफ आणि सीसी, स्वतःचं युनिट, कल्याण-शीळ रोड. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. पीपीएफ म्हणजे पीपीएफ, त्यात काय विचारायचं. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट. म्हणजे मुलगा बँकिंग लाइनचा आणि वर एका युनिटचा प्रमुख. ‘स्वतःचं’ हा शब्द त्यांना जरा खटकला, पण त्याचा अर्थ त्यांनी ‘स्वतंत्र कार्यभार’ असा लावून टाकला. इतकी वर्षं हिशेब खात्यात काढलेल्या माणसाला कुठल्याही शब्दाचा काहीही अर्थ लावता येतो.

त्या दिवशी त्यांनी मुलाचा नंबर चक्क मला दिला आणि बोलून घे म्हणाले. हे असं पहिल्यांदाच घडत होतं. फोनवर तो म्हणाला, शनिवारी स्टुडिओवर या ना, कामही बघून होईल. मला वाटलं, हल्ली बँकेच्या शाखेला स्टुडिओ म्हणायला लागले असतील. काहीही म्हणतात हल्ली.

मी गेले. मेट्रोच्या कामाने तो सगळा रस्ता उखडलेला, रिक्षातून उतरेपर्यंत माझे केस म्हातारीचे झालेले. पत्ता बरोबर होता, पण तिथे ना काउंटर ना टोकनचं मशीन. एक शटर, शटरच्या आत ऑपरेशन थिएटरसारखे दिवे आणि मधोमध एक काळी गाडी, कडांना निळी चिकटपट्टी लावलेली. मी विचारलं, साहेब कुठे आहेत. काळे ग्लोव्हज घातलेला एकजण म्हणाला, साहेब मीच, आणि प्लीज बोटातली अंगठी काढून ठेवा. मुलगी बघायच्या वेळी अंगठी काढा म्हणणारा मुलगा मी पहिल्यांदाच बघत होते. मग त्याने समजावलं की अंगठी, घड्याळ, पर्सची चेन, काहीही रंगाला लागलं की ओरखडा पडतो. स्वतःच्या पट्ट्याचं बक्कलसुद्धा त्याने टीशर्टखाली झाकलेलं. मी अंगठी काढली, पर्स बाहेर ठेवली आणि पदर खोचून उभी राहिले. साडी नेसून गेलेले ना मी, बँकेत जायचं म्हणून.

मग त्याने मला सगळं काम दाखवलं आणि मला तिथेच कळलं की बाबांनी काय समजून ठेवलंय. गाडी धुणं वेगळं आणि डिटेलिंग वेगळं, असं त्याने पहिल्यांदाच ठणकावलं. धुणारा चिखल काढतो, हा रंगाची काळजी घेतो. त्याची भाषा मात्र आमच्या ऑफिसच्या वरताण. आधी वॉश, मग डिकॉन. मी ऐकलं डेकन आणि मनात म्हटलं, पुण्याचा असेल तर आत्ताच निघावं. पण डिकॉन म्हणजे रंगात रुतून बसलेली घाण काढणं. त्याने एका पांढऱ्या गाडीवर पाण्यासारखं काहीतरी फवारलं आणि बघता बघता गाडीवरून जांभळे ओघळ यायला लागले. मी दचकले. तो म्हणाला, हे लोखंडाचे कण, ह्याला फॉलआऊट म्हणतात. ठाकुर्लीला रुळांच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाड्यांना सगळ्यात जास्त, लोकलच्या ब्रेकची धूळ बसते. एमआयडीसीकडच्या गाड्यांचं दुखणं आणखी वेगळं. गाडी डोंबिवलीत कुठे पार्क होते, ते तो बॉनेटवरून हात फिरवून सांगायचा, आणि सांगताना त्याची कॉलर अशी काही ताठ व्हायची की मला हसू आवरेना.

एपीसी म्हणजे सगळं साफ करणारं द्रव. आयपीए म्हणजे अल्कोहोल, पण प्यायचं नाही, पुसायचं. पॉलिशचं तेल निघून खरा रंग दिसावा म्हणून. एलएसपी म्हणजे सगळ्यात शेवटी लावायचं ते, मेण असो की कोटिंग. सीसी म्हणजे सिरॅमिक कोटिंग, बाबांच्या कॅश क्रेडिटला राम राम. आणि मग त्याने एक जाडजूड मशीन उचललं, पुढे गोल पॅड लावलेलं, आणि अभिमानाने म्हणाला, हा माझा डीए.

मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. त्याला कळेना काय झालं. हा गोल फिरतो आणि डुलतो पण, म्हणून ड्युअल ॲक्शन, असं तो बिचारा समजावत राहिला. मी म्हटलं, आमचा डीए नुसता वाढतो. त्याला तेही कळलं नाही. त्याचे वडील टिटवाळ्याला देवळाबाहेर हार-नारळ विकायचे. त्यांच्या घरात बचत म्हणजे भिशी आणि फंड म्हणजे गणपतीची वर्गणी. डीए त्यांच्या दारात कधी आलेलाच नव्हता.

आता मी ह्याच्यात काय बघितलं ते सांगते, नाहीतर म्हणाल केळ्याच्या वासावर भाळली. (त्याच्या शाम्पूला केळ्याचा वास यायचा, तोही होताच.) मी तिथे असतानाच एक गिऱ्हाईक आलं. दारावरचा ओरखडा पूर्ण घालव म्हणत होतं. ह्याने टॉर्च लावून बघितलं, कुठलंसं मीटर टेकवलं आणि सांगितलं, नाही घालवणार. रंगावरचा पारदर्शक थर दुधावरच्या सायीपेक्षा पातळ असतो, आणि पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नव्हे, आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीला आणणं. तुमच्या दाराला कुणीतरी आधीच इतकं घासलंय की आता घासायला काही उरलेलं नाही. राहू दे तो ओरखडा. गिऱ्हाईक तणतणत निघून गेलं आणि हा शांतपणे टॉवेल घडी करायला लागला. आमच्या घराण्यात कुठे थांबावं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. आत्या बोलायला लागली की थांबत नाही, बाबा सल्ले द्यायला लागले की थांबत नाहीत, आणि माझं तर विचारूच नका. थांबता येणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. मला तो आवडला. सरळ सांगते, फार आवडला.

घरी आले आणि चपला काढता काढताच म्हटलं, बाबा, त्याचा पीपीएफ वेगळा आहे. बाबा म्हणाले, मला शिकवू नकोस, पोस्टातला वेगळा आणि बँकेतला वेगळा, मला माहितीये. मी म्हटलं, तसं नाही हो. तोवर त्यांनी त्याच्या आईला फोन लावून रविवार ठरवूनही टाकलेला. त्याला मी निरोप दिला की बाबांचा पीपीएफ वेगळाच आहे आणि ते खोदून खोदून विचारतील. तो म्हणाला, विचारू देत की, तेवढंच तर येतं मला. दोन्ही बाजूंनी माझं ऐकायला कुणी तयार नव्हतं. मग मी पोहे भिजवले.

रविवारी तो आईला घेऊन आला. त्याची आई नारळाच्या वड्यांचा डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली आणि बाबांनी सुरुवात केली. पीपीएफमध्ये कधीपासून? तो म्हणाला, बरीच वर्षं झाली, आधी दुसऱ्याकडे होतो, मग स्वतःचं काढलं. मुदत किती? चांगला असेल तर दहा वर्षं बघायला नको. बाबांनी पंधरा म्हणायला तोंड उघडलं, पण नवीन नियम आला असेल म्हणून गप्प बसले. मध्येच काढता येतो का? येतो की, तो म्हणाला, पण गरम करून, हळूहळू. घाईने ओढला तर खालचं पण निघून येतं. ‘गरम करून’ हे बाबांनी कुणाचातरी खिसा गरम करणं असं घेतलं असावं. त्यांनी खेदाने मान हलवली आणि म्हणाले, सगळीकडे असंच आहे हो.

मग डीएवर गाडी आली. तो म्हणाला, दोन आहेत, एक पंधराचा, एक एकवीसचा. मोठं काम असेल तेव्हा एकवीसचा काढतो. बाबांचा चमचा हवेत थांबला. आयुष्यभर एका डीएची वाट बघितलेला माणूस तो. शेवटी त्यांनी घाबरत घाबरत टीडीएसचं विचारलं.

“काका, टीडीएस आम्ही झिरोच ठेवतो,” तो म्हणाला. “जास्त असला की डाग राहतो. आणि एकदा बसलेला डाग मग काही केल्या जात नाही.”

बाबांनी त्याचा हात हातात घेतला. माझ्या लग्नाच्या इतिहासात बाबांनी कुणाचा हात हातात घ्यायची ही पहिलीच वेळ. मी तिथेच उभी होते, त्याचा प्रत्येक शब्द खरा होता आणि बाबांचा प्रत्येक आनंदही खरा होता, मी कुठे तोंड घालू?

आईने मात्र मला आत ओढलं. बँकवाल्याच्या अंगाला केळ्याचा वास कसा गं, म्हणाली. मी तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तिने पदर तोंडात धरला, आधी पोटभर हसून घेतलं आणि मग विचारलं, मुलगा बरा आहे ना? मी मान डोलावली. मग बाहेर जाऊन तिने त्याच्या आईला अजून पोहे वाढले.

बाबांचा होकार त्याच संध्याकाळी आला. मी खूश होते. लपवून काय करू, घरभर गात फिरत होते. वाटलं, एकदा साखरपुडा होऊन जाऊ दे, मग सावकाश समजावू बाबांना, तोवर त्यांना जावयाची सवय झालेली असेल. पण बाबांना दम कुठला? आमच्या बिल्डिंगीत खाली बाकड्यांवर रिटायर मंडळी बसतात. तिथे त्यांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की जावई पीपीएफमधला आहे, आणि आख्खं बाकडं आपापल्या शंका घेऊन त्यांच्यामागे लागलं.

पुढच्या रविवारी मी भाजी घेऊन आले तर जिन्याजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं, पीपीएफविषयी तज्ज्ञांचे मार्गदर्शन, सोसायटी ऑफिस, आज सकाळी, पासबुक सोबत आणावे. माझ्या हातातली कोथिंबीर खाली पडली. मी वळले तर कंपाउंडमध्ये छोटा टेम्पो उभा आणि त्यातून तो एका गाडीचं आख्खं पांढरं बॉनेट उतरवतोय. बाबांनी त्याला परस्पर फोन केलेला, की आमच्याकडे बऱ्याच लोकांना पीपीएफमध्ये रस आहे, येऊन जरा माहिती द्या. हा हरखून गेलेला. म्हणाला, तुझे बाबा काय माणूस आहेत गं, अजून साखरपुडा नाही झाला आणि गिऱ्हाइकं जमवून दिली. मी म्हटलं, अरे, टेम्पोत बस आणि सुट. तेवढ्यात बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. त्यांनी बॉनेट बघितलं, खूश होऊन मान डोलावली आणि मला म्हणाले, बघ, पांढरा फळासुद्धा स्वतःचा घेऊन आलाय.

सोसायटी ऑफिसात खुर्च्या कमी पडलेल्या. सगळे रिटायर काका-काकू प्लास्टिकच्या पिशवीत पासबुकं घेऊन बसलेले. त्याने बॉनेट टेबलावर ठेवलं, नमस्कार केला आणि म्हणाला, पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म.

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी शेवटी हात वर केला.

“ह्याला नॉमिनी लावता येतो का?”

त्याने खरंच विचार केला आणि सांगितलं की गाडी विकली तर वॉरंटी एकदा नव्या मालकाच्या नावावर होते. आजींचं समाधान झालं. मग त्याने फिल्म लावलेल्या बॉनेटवर ब्रशने खसाखसा ओरखडे काढले, थर्मासमधलं गरम पाणी ओतलं आणि ओरखडे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले. आता मात्र मंडळी खुर्च्या सोडून पुढे आली. फ्रिजला लावता येईल का, देव्हाऱ्याला लावता येईल का, एक काका तर गुडघा पुढे करून उभे राहिले. कार्यक्रम रंगला. फक्त बाबांची खुर्ची रिकामी होती.

मी धावत वर गेले. बाबा खिडकीशी उभे होते. ओरडतील असं वाटलेलं, पण ओरडले नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटली. म्हणाले, लोकांच्या गाड्या पुसतो तो. आई म्हणाली, खोटं एक अक्षर बोललेला नाही. बाबा म्हणाले, माझं हसं झालं ते झालं, पण हे लग्न होणार नाही. आणि आत जाऊन पडले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. मी भांडले, रडले, डबा न घेता ऑफिसला गेले आणि तिथे दुसऱ्यांचे डबे खाल्ले. ठरवलं असतं तर बाबांना न जुमानता लग्न करता आलं असतं, वय तेवढं होतं. पण बाबांना असं खिडकीशी उभं सोडून मला जायचं नव्हतं, आणि त्याला सोडून राहायचंही नव्हतं. एका संध्याकाळी बाबा आपणहून माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांच्या वडिलांचं कल्याणला सायकलचं दुकान होतं, एवढंच मला माहीत होतं. ते बंद कसं पडलं ते त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. दसऱ्याला शेजारच्या सगळ्या दुकानांना तोरणं लागलेली आणि आमचं शटर खाली. दुकानाचा भरवसा नसतो गं, म्हणाले. माझ्यामागे तुझं काय होईल, ह्याची मला भीती वाटते.

मला त्यांचा राग येत होता आणि मायाही वाटत होती. दोन्ही एकदम. मग त्यांनी तोड सुचवली. त्यांच्या ओळखीने एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये जागा होती, पर्मनंट, फंड वगैरे सगळं. त्याने ती धरली तर बाबांची ना नाही. एवढीच हौस असेल तर रविवारी गाड्या पुसाव्यात.

मी त्याला बोलावलं. तो आला, ग्लोव्हज नाहीत, इस्त्रीचा शर्ट. बाबांनी त्याच्यापुढे सगळं मांडलं, आणि बोलताना ते चांगलंच बोलले, प्रेमाने बोलले. त्याने ऐकून घेतलं. एकदा माझ्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. आणि म्हणाला, ठीक आहे काका, करतो. मशीनं घेईल कोणीतरी.

बाबांचा चेहरा खुलला. त्यांनी लगेच ओळखीच्या माणसाला लावायला फोन उचलला. म्हणजे जमलं होतं. ज्याच्यासाठी मी घर डोक्यावर घेतलेलं ते सगळं जमलेलं. आणि माझं डोकं फिरलं.

त्याला म्हटलं, तू गप्प बस. स्टोअरमध्ये बसून तू महिन्याभरात वेडा होशील आणि मग मला वेड लावशील. तो खरंच गप्प बसला. मग मी बाबांकडे वळले.

“बाबा, ह्या घरात एक सरकारी नोकरी आहे. माझी. पगार माझा, डीए माझा, पीपीएफ माझा, तो तर तुम्हीच हाताला धरून नेऊन उघडून दिलात. एका संसाराला अजून किती सरकारी नोकऱ्या पाहिजेत?”

बाबांनी फोन खाली ठेवला. बेरजेत एखादी रक्कम घ्यायची राहून गेली की त्यांचा चेहरा होतो तसा झाला. इतकी वर्षं ते माझ्यासाठी सरकारी नोकरी शोधत वणवण फिरत होते आणि ती रोज सकाळी डबा घेऊन त्यांच्यासमोरून ठाण्याला जात होती.

“म्हणजे घर तू चालवणार,” ते म्हणाले.

मी म्हटलं, दोघं चालवू. त्याचं बसलं कधी तर मी आहे. माझं बसत नाही, हे तुम्हीच सांगता.

बाबांनी फोन टेबलाच्या कडेला सारला. मग म्हणाले, एवढा आवडतो तो तुला, तर हे पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?

“तुम्ही विचारलंत कधी? इतकी मुलं येऊन गेली. तुम्ही प्रत्येकाला सगळं विचारलंत. मला एकदाही काही विचारलं नाहीत.”

आई ओले हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच उभी राहिली. तो खाली मान घालून बसलेला. बाबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला.

“आता विचारतो,” ते म्हणाले. “तुला नवरा कसा पाहिजे?”

आणि मी, आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवणारी, एकदम काही बोलूच शकले नाही. बाबांनी घाई केली नाही. मग मी सांगायला लागले आणि माझं सांगून होईपर्यंत ते मध्ये एक शब्द बोलले नाहीत.